तीन बेटांचा बेत

२ मार्च, सोमवार

भिंगांची कंपनी दरवर्षी दुकानाला डायरी पाठवते आणि मी दरवर्षी ती कुणाच्या तरी गळ्यात मारते. यंदाची ठेवून घेतली. कारण डोक्यात इतकं काही चाललंय की कुठेतरी उतरवलं नाही तर मी एखाद्या गिऱ्हाइकाला जवळचा चष्मा लांबचा म्हणून देईन.

बिट्टीचा फोन आला, नेमका मी एका आजोबांचा नंबर काढत असताना. मुलगी एकुलती एक, त्यामुळे फोन उचलावाच लागतो. "आई, त्याचे आईबाबा महिनाअखेरीला भेटायला येताहेत. हॉटेलात बसून एकमेकांकडे बघत सूप पिणं नकोय मला. आपण त्यांना समुद्रात नेऊ. तीन बेटं, स्नॉर्केलिंग, अख्खा दिवस. बोट फक्त आपल्यापुरती. आणि चालवायची बाबांनीच."

मी हो म्हणून टाकलं. यांना विचारायचं काय त्यात? ज्या माणसाने उभा जन्म फेरीबोट चालवली, त्याला स्पीडबोट म्हणजे डाव्या हातचा मळ. गेल्या वर्षी मुदतीच्या आधीच नोकरी सोडून बसलेत. "पुरे झालं आता," एवढंच कारण दिलं. तेव्हापासून रेडिओ आणि खिडकीतली खुर्ची. मला वाटलं, पाण्यावर गेले की चेहऱ्यावर जरा रंग येईल.

घरी येऊन सांगितलं. संत्रं सोलत होते. म्हणाले, "बघू."

आमच्या घरात 'बघू' म्हणजे नाही. मी म्हटलं, "मी तिला हो सांगून बसलेय."

"मग मला कशाला विचारतेस?"

"विचारत नाहीये, सांगतेय."

हसले. पण संत्रं तसंच ताटलीत राहिलं.

५ मार्च, गुरुवार

आज जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला. तासभर बोलत होते. कुठे वाळू, कुठे खडक, ओहोटीला कुठलं पाणी कसं ओढतं, सगळं तोंडपाठ. नकाशाकडे बघतही नव्हते, बोटाने नुसतं दाखवत होते. किती दिवसांनी असं बोलताना ऐकलं. मी चहा पुन्हा करून आणला, केवळ ते थांबू नयेत म्हणून.

मग अटी सुरू झाल्या. सकाळी सातला नको, दहाला निघायचं. दुपारी चारच्या आत परत. मी म्हटलं, "सकाळचं पाणी आरशासारखं असतं, असं तुम्हीच सांगायचात." तर म्हणे, ऊन वर आलं की मासे चांगले दिसतात. तिसरं बेट नकोच म्हणाले, तिथली वाट दोन खडकांमधून जाते. ज्या वाटेने हे डोळे मिटून जायचे ती वाट. आणि बिट्टी पोहायला शिकली ते त्याच बेटावर, यांनीच शिकवलं तिला. ते वगळून कसं चालेल? मी हट्टाला पेटले तेव्हा म्हणाले, "ठीक आहे. शेवटी ठेवू. वेळ राहिला तर."

आणि एक. मी यांच्या शेजारी, डाव्या हाताला बसायचं. कुठेही उठून जायचं नाही. म्हटलं, हे काय आता, म्हातारपणी प्रेम उतू चाललंय की काय? हे नकाशाची घडी घालत बसले. ती वाकडी झाली तेव्हा मी हातातून घेतली.

८ मार्च, रविवार

पाण्यात घालायच्या मास्कचं काम हाती घेतलं. विहीणबाईंचा नंबर बिट्टीने कळवला. उणे सात. चष्मा काढला की नवरासुद्धा ओळखू येत नाही, आणि कधीकधी ते बरंच असतं, असं त्या म्हणतात म्हणे. बाई मला न बघताच आवडल्या. पाण्याखाली त्यांना आजवर काहीच दिसलेलं नाही. त्यांच्या मास्कमध्ये नंबरची भिंगं बसवून देणार. हे माझ्याशिवाय त्यांना कोण करून देणार आहे?

मग वाटलं, यांचेही डोळे तपासून टाकू. दुकान बंद होतं, निवांत. यांनी इतके आढेवेढे घेतले, की दाताच्या डॉक्टरकडे नेतेय की काय असं कुणालाही वाटावं. खुर्चीत बसवलं, तक्ता लावला. वरपासून खालपर्यंत घडाघडा वाचला. शेवटची ओळ तर वाचलीच, वर तक्त्याखाली मुंगीएवढ्या अक्षरात छापखान्याचा पत्ता आहे, तोही वाचून दाखवला. साठीचा माणूस! मी खूश. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगतेच, आमच्या यांना अजून चष्मा नाही. आता पत्त्याचीही गोष्ट जोडून सांगेन.

उठताना मात्र डाव्या हाताचा फ्रेमांचा स्टँड पाडला. सगळ्या फ्रेमा जमिनीवर. इतका मोठा स्टँड, वर्षानुवर्षं तिथेच आहे. म्हटलं, "घरात रेडा पाळलाय मी." एरवी असल्या बोलण्यावर उलट उत्तर ठरलेलं. आज गुडघ्यांवर बसून मुकाट्याने फ्रेमा गोळा करत राहिले. दोन तर समोर पडलेल्या, त्याही मलाच उचलाव्या लागल्या. लक्ष कुठे असतं कुणास ठाऊक.

१२ मार्च, गुरुवार

धक्क्यावरचे मिस्त्री दुकानात आले. बोट त्यांचीच घेणार आहोत. इंजिनं दुरुस्त करून करून हात काळे, पण माणूस सरळ. यांच्या हाताखाली वर्षानुवर्षं काढली. चष्म्याची दांडी घट्ट करून घेतली आणि तरी रेंगाळत राहिले. शेवटी म्हणाले, "वहिनी, त्या दिवशी मी येऊ का बरोबर?"

"घरचीच माणसं आहोत हो. त्यात जागा कुठे?"

"मी मागे उभा राहीन. इंजिनाकडे बघेन."

"इंजिनाला काय धाड भरलीय?"

"इंजिनाला काही नाही," म्हणाले. "साहेबांना एकदा विचारून बघा."

यात विचारायचं काय? फुकटची सहल आणि वर जेवण, कुणाला नको असतं? पण तोंडावर कसं म्हणणार. हसून वाटेला लावलं.

गाडी पुन्हा फाटकाला घासलीय. डाव्या अंगाने, पहिल्यासारखीच. हे म्हणतात गुडघा दुखतो, ब्रेक नीट दाबला जात नाही, तूच चालवत जा. गुडघ्याला तेल लावून देते म्हटलं तर उजवा पुढे केला. सकाळी डावा दुखत होता.

२२ मार्च, रविवार

आज काय लिहू? तोंड दाखवायला जागा राहिली नाही.

व्याही, विहीणबाई आणि होणारे जावई चहाला आले. बिट्टी कालच आलीय. मी केक केला होता, घर आरशासारखं लख्ख. दारात व्याह्यांनी यांच्यापुढे हात केला. हसतमुख, मोकळा माणूस. ते यांच्या बाजूला उभे होते, तिथूनच हात पुढे केला. आणि हे त्या हाताकडे न बघता सरळ पुढे गेले, विहीणबाईंना नमस्कार केला, आत येऊन बसले. व्याह्यांचा हात हवेत तसाच. मग त्यांनी तो खिशात घातला. मी ते बघितलं, बिट्टीने बघितलं.

वाटलं, चुकून झालं असेल. पण मग जावयाने केकची बशी यांच्यापुढे धरली. धरून उभा राहिला, उभा राहिला. हे समोर भिंतीकडे बघत बसलेले. पोराने शेवटी बशी टेबलावर ठेवली. त्यावर कडी म्हणजे पाण्याचा ग्लास. हात असा फिरवला की सगळं पाणी विहीणबाईंच्या मांडीवर. त्या बिचाऱ्या "पाणीच तर आहे" म्हणत राहिल्या. व्याह्यांच्या कपाळावरच्या आठ्या मात्र शेवटपर्यंत गेल्या नाहीत.

स्वयंपाकघरात बिट्टी ओट्याला टेकून रडली. "बाबांना तो आवडत नाही, आई. तोंडाने सांगत नाहीत, असं वागून दाखवताहेत."

मी म्हटलं, तसं नसेल गं. पण मला तरी काय ठाऊक? लग्न झालं की ती त्याच्या गावी जाणार, विमानाने यायचं म्हटलं तरी दिवस मोडणार. एवढ्याशा गोष्टीने या माणसाचा जीव इतका आक्रसलाय?

सगळे गेल्यावर मी यांच्यासमोर उभी राहिले. "तुम्हाला मुलगा पसंत नाही ना? काय ते तोंडाने सांगा. असा पाहुण्यांचा अपमान करू नका."

माझ्याकडे बघत होते, एकटक, मला पाठ करून ठेवायचं असल्यासारखे. मग म्हणाले, "तसं समज."

"तसं समज म्हणजे?"

"म्हणजे तसंच. आणि ते बोटीचं रद्द कर."

मी म्हटलं, आता रद्द केलं तर लग्नच रद्द झाल्यासारखं आहे. पोरीचा संसार सुरू व्हायच्या आधी मोडायचाय का? बोट जाणार आणि तुम्हीच चालवणार, आणि दिवसभर माणसासारखे वागणार.

२५ मार्च, बुधवार

घरात अबोला. मीठ हवं असेल तर मीठदाणीकडे बघायचं आणि खोकायचं, इथपर्यंत आलोय.

मला भीती वाटते. लिहायला लाज वाटतेय, पण खरं आहे. इतकी वर्षं ज्याच्याबरोबर काढली तो माणूस पोरीच्या सुखाच्या आड येणारा निघाला तर? शेजारपाजारचे बाप असे बघितलेत, लेकीच्या लग्नात तोंड फिरवून बसणारे. हे त्यातले नाहीत, असं मी छातीठोकपणे सांगितलं असतं. आता सांगवत नाही.

बिट्टी बाबांच्या खोलीत गेली होती. ते खुर्चीत होते. ती दाराजवळ कितीतरी वेळ उभी राहिली, की बाबा 'ये' म्हणतील. त्यांनी मान वळवलीच नाही. ती परत आली आणि मास्कच्या काचा पुसत बसली, आधीच पुसलेल्या.

२७ मार्च, शुक्रवार

मिस्त्री भेटले बाजारात. म्हणाले, साहेब सरावाला म्हणून बोट घेऊन गेले, पण धक्क्यापासून सुटलेच नाहीत. इंजिन बंद ठेवून नुसते सुकाणूवर हात ठेवून बसले होते. "तुमचं काही बोलणं झालं का, वहिनी?" असंही विचारलं. यांच्या रुसव्याची बातमी आता धक्क्यापर्यंत पोचली म्हणायची. मी कांद्यांकडे बघत "झालं की" म्हटलं आणि पिशवी उचलली.

२८ मार्च, शनिवार

तयारी झाली. अंडी उकडली, सँडविच केली, फळं, पाणी, टॉवेल, टोप्या, प्रत्येकाचा मास्क कापडात गुंडाळलेला. विहीणबाईंचा मास्क तर असा झालाय की तोच घालून त्यांनी बाजारात जावं.

संध्याकाळी हे मागे येऊन उभे राहिले. स्वतःहून बोलले. "तुला एक सांगायचं होतं."

मला वाटलं, आता लग्नाला नाही म्हणणार. आज, आदल्या दिवशी. माझा पारा चढला. म्हटलं, "उद्याचा दिवस सुखाने पार पडू दे. मग काय सांगायचं ते सांगा. आजचा दिवस मला काही ऐकायचं नाही."

"बरं," म्हणाले. आणि गेले.

३० मार्च, सोमवार

दुकान उघडलं नाही. लिहून काढते, नाहीतर ते पुन्हापुन्हा डोळ्यांपुढे येत राहील.

काल सकाळी समुद्र शांत होता. हे सुकाणूवर बसले आणि धक्क्यापासून बोट अशी अलगद बाजूला घेतली, की व्याहीसुद्धा "वा" म्हणाले. मी शेजारी बसायचं ठरलं होतं. नाही बसले. रागावले होते ना. मागे विहीणबाईंजवळ बसले. यांनी एकदा डावीकडची रिकामी जागा हाताने चाचपली, मग सरळ पुढे बघायला लागले. सारखी मान फिरवत होते, इकडून तिकडे, तिकडून इकडे. मला वाटलं, आम्हाला टाळायला.

पहिलं बेट झकास झालं. पाणी गुडघाभर खोल वाटावं इतकं स्वच्छ. विहीणबाई मास्क घालून तोंड पाण्यात घालायला घाबरत होत्या. जावयाने हात धरला. एकदा तोंड आत घातलं ते बाहेर काढेनात. शेवटी वर आल्या तर मास्कमध्येच रडत होत्या. म्हणाल्या, "सगळं दिसतंय हो. त्या माशाच्या अंगावरचे ठिपकेसुद्धा." त्यांनी माझे दोन्ही हात धरले. व्याही हसले, बिट्टी हसली. मला वाटलं, जमलं सगळं. यांच्याकडे बघितलं तर तेही हसत होते, पण जरा वेगळ्याच दिशेला तोंड करून.

दुसऱ्या बेटापाशी दुपार झाली. वारा उठला, लाटा वाढल्या. हे म्हणाले, निघूया, तिसरं बेट राहू दे. एकेक जण शिडीने वर आला. टॉवेल, पिशव्या, पायात फिन्स, ही गर्दी. व्याह्यांच्या हातून श्वासाची नळी पाण्यात पडली. बिट्टी म्हणाली "मी आणते," आणि डाव्या बाजूने पुन्हा पाण्यात उतरली. यांना ते कळलं नाही. ते पुढचा नांगर ओढून घेत होते.

सुकाणूवर येऊन त्यांनी मला विचारलं. इतक्या दिवसांनी सरळ मला. "सगळे वर आले का?"

मी टॉवेल पिळत होते. वर न बघता म्हणाले, "डोळे आहेत ना तुम्हाला? मोजा."

हे माझे शब्द. असेच्या असे.

त्यांनी मान फिरवली. माझ्यावरून, विहीणबाईंवरून, व्याह्यांवरून, जावयावरून. बिट्टीच्या जागेवर तिचं केशरी लाइफ जॅकेट पाठीला टेकवून ठेवलेलं होतं आणि त्यावर तिची टोपी. मग डावीकडच्या पाण्याकडेही वळून बघितलं. बिट्टी तिथेच होती. नळी उंच धरून हात हलवत होती. तिला माझ्यासकट कुणीही बघितलं नाही, एकट्या जावयाने बघितलं. त्याला वाटलं, बाबांनी बघितलं. ते तिच्याच बाजूला तर वळले होते.

इंजिन सुरू झालं. बोट उजवीकडे वळली आणि मागची बाजू डावीकडे गेली, बिट्टीच्या अंगावर. जावई ओरडला. त्या आवाजासरशी यांनी इंजिन बंद केलं, इतक्या चटकन की किल्लीच हातातून निसटून खाली पडली. मग काहीच ऐकू येईना. जावयाने पाण्यात उडी घेतली.

तिला वर काढलं. एका पायातला फिन अर्धा कापून गेला होता, सुरीने कापावा तसा. टाचेला जखम, रक्त टॉवेलभर. पाय शाबूत होता. मी तिची बोटं चाचपत राहिले, पुन्हापुन्हा.

बिट्टी रडत नव्हती. यांच्याकडे बघून म्हणाली, "बाबा, मी हात हलवला. तुम्ही माझ्याकडे वळून बघितलंत. मी बघितलं तुम्हाला बघताना. तरी कशी सुरू केलीत?"

हे खाली वाकून चाचपायला लागले.

व्याही उभे राहिले. आवाज चढवला नाही त्यांनी, पण प्रत्येक शब्द तोलून टाकला. "मुलगा पसंत नसेल तर माणसाने सांगावं. आम्ही तसेच परत गेलो असतो. पण स्वतःच्या मुलीशी असं?"

आणि तरी हे तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखे खाली वाकून किल्ली शोधत होते. किल्लीला लालभडक बुचाचा गोळा होता आणि ती त्यांच्या डाव्या गुडघ्याशेजारी, उघड्यावर पडलेली होती. त्यांचा हात तिच्या अलीकडे फिरत होता, पलीकडे फिरत होता. तिच्यावर काही पडत नव्हता.

मी ते बघितलं. मग मला दुसरं काही बघवेना.

त्यांच्यासमोर जाऊन बसले. म्हटलं, "माझ्या नाकाकडे बघा."

"आत्ता नको."

"बघा म्हणते ना."

बघायला लागले. तेच ते एकटक बघणं. मी माझा हात त्यांच्या डाव्या बाजूला लांब नेला आणि बोटं हलवत हलवत हळूहळू आत आणायला लागले. "दिसला की सांगा." सगळे बघत होते. हात खांद्यासमोर आला. मी मनात म्हणत होते, आता म्हणा, आता म्हणा. हात कानापाशी आला. माझ्या गालाला लागायला आला, तेव्हा ते म्हणाले, "आता."

दुसऱ्या बाजूने केलं. तिकडे थोडं बरं होतं. थोडंसंच.

मी म्हटलं, "कधीपासून?"

"फेरी सोडली तेव्हा कळलं. म्हणून तर सोडली." मग बिट्टीकडे तोंड केलं, ती नेमकी कुठे आहे ते मान फिरवून शोधून काढलं. "मला तू दिसली नाहीस, बाळा. मी बघितलं, पण दिसली नाहीस."

व्याही खाली बसले. आपला उजवा हात मांडीवर ठेवून त्याच्याकडे बघत राहिले. बिट्टी एका पायावर उठली, लंगडत सुकाणूपाशी गेली आणि बापाला दंडाला धरून उठवलं. तिला बोट चालवता येते, यांनीच शिकवलीय. ती चालवायला लागली, हे तिच्या खांद्यावर हात ठेवून मागे उभे राहिले आणि सांगत राहिले, दीपगृह उजव्या हाताला ठेव, आता वेग कमी कर, इथे पाणी ओढतं. एकदाही चुकले नाहीत. धक्क्यावर मिस्त्री दोर घेऊन उभेच होते. माझ्याकडे बघितलं आणि काही विचारलं नाही.

३ एप्रिल, शुक्रवार

डोळ्यांच्या इस्पितळात जाऊन आलो. काचबिंदू. दोन्ही डोळ्यांत, डावा फार पुढे गेलेला. समोरचं शेवटपर्यंत स्वच्छ दिसतं, कडेकडेने अंधार आत सरकत येतो. तक्ता वाचणारा माणूस तक्ता वाचतच राहतो. हे मला माहीत नव्हतं असं नाही. दुकानात कुणी म्हाताऱ्या बाई येऊन दाराला धडकल्या, तर मी त्यांना चष्मा न देता आधी डॉक्टरांकडे पाठवते. माझ्या घरात दार, फाटक, ग्लास, स्टँड, सगळं धडकत होतं आणि मी त्याला स्वभाव म्हणत होते.

डॉक्टरीणबाईंनी यांचे गेल्या वर्षीचे कागद काढले. म्हणाल्या, गेलेलं परत येत नाही. राहिलंय ते थेंबांनी टिकवता येईल. मग यांना विचारलं, "थेंब तेव्हाच लिहून दिले होते मी. रोज घातले असते तर इतकं गेलं नसतं. का नाही घातले?"

यांनी खांदे उडवले. शाळकरी पोरासारखे.

बाहेर बाकावर बसलो. औषधाच्या खिडकीवर रांग होती. मी विचारलं, "मला नाही सांगितलंत ते समजलं. बोटीचं मीच गळ्यात बांधलं, तेही समजलं. पण थेंब का नाही घातलेत? त्यांनी तुमचं काय वाईट केलं होतं?"

म्हणाले, "ती बाटली तू लांबून ओळखली असतीस. घरात कुठेही लपवली असती तरी."

"मग ओळखली असती. त्याने काय बिघडलं असतं?"

"तू सगळ्यांना सांगायचीस ना," म्हणाले. "आमच्या यांना अजून चष्मा नाही म्हणून."

नंबर पुकारला तेव्हा मी उठून बाटली घेऊन आले. हिरव्या झाकणाची. दुकानाच्या काउंटरवर कुणी नुसती टेकवली असती तरी मी ओळखली असती, हे खरं आहे.

बिट्टीच्या टाचेचे टाके दोन दिवसांनी काढतील. लग्न ठरल्याप्रमाणे आहे. व्याह्यांचा फोन आला होता, यांच्याशीच बोलले, बराच वेळ, बोटीबद्दल. आपला जावई होडी चालवायला शिकतो म्हणतोय, असं हे मला सांगत होते. मी ऐकत होते, पण निम्मंच.

संध्याकाळी यांना खिडकीतल्या खुर्चीत बसवलं. मान मागे टेकवली. हात धुऊन आले, खालची पापणी ओढली, एकेक थेंब घातला. आयुष्यभर लोकांना सांगत आलेय तसं सांगितलं, डोळे मिटून ठेवा, कोपऱ्यावर बोट दाबून धरा, औषध आत जाऊ द्या.

ते डोळे मिटून बसले. मी शेजारी, डाव्या हाताला बसले.

"रडलं तर थेंब वाहून जातात का गं?"

"जातात," मी म्हटलं. "थोडा वेळ थांबावं लागतं."

मग आम्ही दोघंही थांबलो.